लारी : दागिना नव्हे, नाणेच

विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाच्या (१६५६–१६७२) चांदीच्या लारीला मागील अंकातील पत्रात ‘केसांचा आकडा’ म्हटले आहे. आकार तसा दिसला, तरी ते चलनी नाणे होते.

इराणमधील लार शहरावरून नाव पडलेली लारी होर्मुझ आणि आखाती व्यापारातून पश्चिम किनाऱ्यावर आली. चांदीची तार मधोमध दुमडून तिची दोन्ही पाती ठशांखाली चेपत. तार अरुंद असल्याने ठशावरील फारसी मजकुराचा तुकडाच उमटे. म्हणून एका लारीवर पूर्ण लेख क्वचितच वाचता येतो. वजन सुमारे पावणेपाच ग्रॅम. बादशहाचे नाव आणि हिजरी सन दागिन्यावर कोरण्याचे कारण नसते. चलनाला मात्र ती हमी लागते.

आदिलशाहीत मुख्य चलन सोन्याचे व तांब्याचे होते. दख्खनमध्ये चांदी समुद्रमार्गे येई, त्यामुळे लारी प्रामुख्याने बंदरी व्यापाराची राहिली. दाभोळ हे त्या व्यापाराचे मोठे बंदर.

दुसऱ्या अलीचा हा काळ राज्याच्या ओढाताणीचा होता. १६५७ मध्ये मोगलांनी बीदर व कल्याणी घेतली, १६६०-६१ च्या सुमारास शिवाजी महाराज दक्षिण कोकणात उतरले, १६६५ अखेरीस मिर्झाराजे जयसिंग विजापुरावर चालून गेले. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर जिंकले आणि आदिलशाही संपली. मालदीवच्या चलनात मात्र रुफियाचा शंभरावा भाग आजही ‘लारी’ आहे.

— एक वाचक, इनामगाव (ता. शिरूर, जि. पुणे)