आकडा ५५ आणि कपाटातली गोळी

गेल्या वर्षी बाबांच्या हृदयाची झडप बदलली. त्या रात्री आयसीयूच्या काचेतून मी फक्त एक आकडा बघत होतो. ५५. सरासरी रक्तदाब. तो निदान ६५ च्या आसपास हवा, नाहीतर किडनी आणि मेंदूला रक्त पुरत नाही.

मला वाटायचं, बीपी लो झालं की सलाईन लावायचं, झालं! (सर्व्हर हँग झाला की रीस्टार्ट मारणारी जमात आपली.) पण रक्तस्राव होतोय का? हृदयाभोवती रक्त साचून ते दाबलं जातंय का? तसं असेल तर छाती पुन्हा उघडावी लागते. पंपच दमला असेल तर जास्तीचं सलाईन उलट त्रासाचं. डॉक्टरांनी इको केला. पंप ठणठणीत होता, रक्तवाहिन्याच सैलावल्या होत्या. याला व्हॅसोप्लेजिया म्हणतात. रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरलं की शरीरात दाह उसळतो, त्यातून हे होऊ शकतं. नॉरअॅड्रेनलिन लावलं, मग व्हॅसोप्रेसिन. आकडा ढिम्म.

डॉक्टर बाहेर आले. "मिथिलीन ब्लू द्यायचा विचार आहे. डिप्रेशनची वगैरे गोळी घेतात का ते?"

शाळेत गालाच्या पेशी रंगवायचो, तोच हा निळा रंग! मी ताडकन "नाही" म्हटलं. आधीचा फॉर्मही मीच भरला होता ना... बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल.

आई हळूच म्हणाली, "घेतात. रिटायर झाल्यापासून."

एस्सिटालोप्राम. कपाटात, साड्यांच्या मागे.

अशा गोळ्यांवर मिथिलीन ब्लू दिलं तर सेरोटोनिन बेसुमार वाढून जिवावर बेतू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्येच तसा इशारा दिलाय. ते औषध टाळलं, आधीचेच डोस वाढवले. पहाटे ६८ दिसला तेव्हा मी खाली जाऊन दोन चहा प्यायलो.

लोक म्हणतात, हा ज्याचा त्याचा खाजगी मामला. मान्य, पण भूल देणाऱ्या डॉक्टरपासून कसला आलाय खाजगीपणा? आणि म्हणून कुणी ऑपरेशनआधी गोळी परस्पर बंदही करू नये. तेही त्यांनाच ठरवू द्या. शुगरची गोळी आपण चारचौघांत पाणी मागून घेतो. हिच्यासाठी मात्र साड्यांच्या घड्या!

असो. आता बाबांच्या सगळ्या गोळ्या डायनिंग टेबलवरच्या एकाच डब्यात असतात. पाहुण्यांची बेल वाजली की आई अजूनही त्यातली एक पट्टी उचलून आत नेते.