हौसेचा हिशेब

मुलाने किंवा मुलीने गाणेबजावणे हेच पोटापाण्याचे साधन करायचे म्हटले, की मराठी घरात आजही पहिला प्रश्न येतो तो ‘खाणार काय?’ हा. त्यातून ते गाणे सिनेमाचे नसेल, कुठल्या कंपनीचे पाठबळ नसेल, स्वतःच लिहायचे, स्वतःच चाल लावायची आणि पदरमोड करून ध्वनिमुद्रित करायचे असा सारा मामला असेल, तर आईवडिलांची झोपच उडते. ही काळजी अनाठायी नाही. पण तिच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो, तो मात्र सहसा कोणी विचारत नाही : गाणे चालले, तर ते असेल कोणाच्या मालकीचे?

दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडचेच पाहा. तो १९९० मध्ये उभा राहिला. त्याचा गाजलेला ‘कंदीसा’ हा अल्बम यायला २००० साल उजाडले. पुढे २०१० मध्ये तर या मंडळींनी नवी गाणी दरमहा एक याप्रमाणे इंटरनेटवरून फुकट वाटली. त्यांची भिस्त होती ती मैफलींच्या बिदागीवर.

पण मैफलीला जागा लागते. पुण्यात २०१० मध्ये ‘एनएच ७ वीकेंडर’ हा महोत्सव सुरू झाला आणि अशा संगीताला हजारोंचा श्रोतृवर्ग आहे हे दिसून आले. उलट लोअर परळच्या गिरणीच्या आवारात २००७ मध्ये उघडलेले ‘ब्लू फ्रॉग’ २०१६ मध्ये बंद झाले. तेव्हा एकाच व्यासपीठावर विसंबून संसार चालत नाही.

आता गाणे घरबसल्या जगभर पोहोचते, हे खरे. पोहोचणे आणि पैसे मिळणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘स्पॉटिफाय’ने २०२४ पासून नियमच केला, की बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला रॉयल्टी नाही. नवख्या कलावंताची बरीचशी गाणी या उंबरठ्यावरच अडखळणार.

म्हणूनच मालकीचा मुद्दा कळीचा ठरतो. एका गाण्यात शब्दांचा आणि चालीचा हक्क असतो आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क त्याहून वेगळा. २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतील वाट्याचे संरक्षण दिले. ध्वनिमुद्रणाची मालकी मात्र करारातल्या एका सहीने हातची जाऊ शकते, आणि विशीतला कलावंत आनंदाच्या भरात करार न वाचताच सही करतो.

मराठी माणसाला हे नवे वाटू नये. बालगंधर्वांच्या स्वरांवर महाराष्ट्राने जीव ओवाळून टाकला, तरी गंधर्व नाटक मंडळी कर्जात बुडायची ती बुडालीच. लोकांचे प्रेम आणि जमाखर्च यांची वही एक नसते.

तेव्हा घरात असा मुलगा वा मुलगी असेल, तर त्यांना अडवण्यापेक्षा वडीलधाऱ्यांनी त्यांच्याबरोबर कागद घेऊन बसावे. मैफली, शिकवणी, जाहिरातीचे संगीत, ध्वनिसंयोजन यांतून महिन्याला काय जमते ते मांडावे. गाणी आपल्या नावावर नोंदवली आहेत ना, हे विचारावे. करार आला तर तो वकिलाला दाखवावा. आणि हौसेला किती वर्षांची मुदत द्यायची, हे दोघांनी मिळून ठरवावे. गाणे मुलांना येते. व्यवहार शिकवणे तरी आपल्या हातात आहे.