वळचणीचे मोल

कोकणातल्या कौलारू घराला वळचण नसावी, ही कल्पनाच कोणाला करवत नाही. पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून छप्पर पुढे काढलेले असते. नोकरीनिमित्त बंगळुरात स्थिरावलेले कुटुंब हेब्बाळला ३० बाय ४० फुटांच्या भूखंडावर घर बांधू लागले, की खर्च आणि क्षेत्रफळ यांच्या ओढाताणीत पहिली कात्री अनेकदा या वळचणीला, म्हणजेच आजच्या छज्ज्याला लागते. हा हिशेब अपुरा आहे.

बंगळूरच्या जुन्या बंगल्यांना छपराचे महत्त्व ठाऊक होते. मंगळुरी कौलांच्या उतरत्या छपराखाली, खिडक्यांवर टोकदार लाकडी झालर असे. तिला ‘मंकी टॉप’ म्हणत. ती शोभेची वस्तू होती, तशीच उन्हापावसाची ढालही.

हेब्बाळ सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेर भरदुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे साडेत्रेपन्न अंशांवर असतो. त्या वेळी दोन फुटांचा छज्जा खालच्या भिंतीवर जवळजवळ पावणेतीन फूट सावली धरतो. जूनमध्ये सूर्य किंचित उत्तरेकडे कलत असल्याने उत्तरेची बाजूही उघडी सोडून चालत नाही. पश्चिमेचे कलते ऊन मात्र छज्ज्याने अडत नाही. तेथे व्हरांडा किंवा झाडच हवे. शिवाय येथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस सरतो न सरतो तोच ईशान्य मोसमी पावसाला आरंभ होतो. छज्ज्याच्या खालच्या कडेला बारीक खाच ठेवली, तर पाणी भिंतीकडे न वळता तेथेच गळते.

बांधलेला छज्जा पुढे कापणे हे तर अधिकच धोक्याचे. त्यातील मुख्य सळ्या वरच्या अंगाला असतात. कापलेली टोके उघडी राहिली तर त्यांना गंज चढतो आणि काँक्रीट फुटू लागते. म्हणून कापणे असो वा त्यावर नवा भार टाकणे असो, अभियंत्याचा सल्ला घेतल्यावाचून हात लावू नये. नवा छज्जा काढतानाही तो मंजूर नकाशात दाखविलेला असावा.

घरासाठी घेतलेले कर्ज पुष्कळदा वीस वर्षांचे असते. भिंतीला ओल धरली, तर हप्त्यांच्या जोडीला गिलावा व रंगाचा खर्च वरचेवर येत राहतो. छज्जा वगळून झालेली बचत एकदाच होते. त्याची उणीव मात्र दर पावसाळ्यात भरून द्यावी लागते.