टाकीत किती होतं?

अम्मींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. फजरची नमाज पढून आम्ही शिरूर कासारहून बीडला निघालो. गावाबाहेर पडतो न पडतो तोच गाडीने दोन गचके दिले आणि बंद पडली. स्टार्टर फिरत होता, इंजिन धरत नव्हते. मागून आलेल्या जीपला हात केला, अम्मींना आणि बायकोला तिच्यात बसवले. गाडी दोरी बांधून मिस्त्रींकडे आणली.

मिस्त्रींनी काही खोलले नाही. मला नुसती चावी फिरवायला सांगून मागच्या सीटला कान लावला. इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीत चावी फिरवली की टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक घूं ऐकू येते. ती आली नाही. तरी त्यांनी आधी फ्यूज पाहिला, दुसरा रिले लावून पाहिला, मग पंपाच्या वायरला टेस्ट लॅम्प लावला. लॅम्प पेटला. करंट पोहोचतोय, पंपच मुका झालाय. एवढे केल्याशिवाय कुणी पंप बदला म्हणाले तर थांबवा. कधी कधी किरकोळ रिलेच गेलेला असतो.

मग ते म्हणाले, "सर, टाकीत किती होतं?"

मी गप्प. दोनशेचे पेट्रोल टाकायचे आणि काटा लाल रेघेला टेकेपर्यंत चालवायचे, ही माझी वर्षानुवर्षांची सवय. मी तिला काटकसर समजत होतो.

जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत पंप बहुधा इंजिनला बाहेरून लावलेला असायचा. आता तो विजेच्या मोटरचा असतो, टाकीत पेट्रोलमध्येच बसतो, आणि ते पेट्रोलच त्याला थंड ठेवते, वंगणही देते. पेट्रोल तळाला गेले की चढावर, वळणावर तो हवा ओढतो आणि तापतो. माझा पंप असाच हळूहळू भाजला होता.

पेट्रोलमध्ये विजेची मोटर म्हटल्यावर आग कशी लागत नाही, हे मीही विचारले. टाकीच्या आत पेटायला पुरेशी हवाच नसते. टाकी उघडली की मात्र वाफ हवेत मिसळते, मग एक ठिणगी पुरते. म्हणून मिस्त्रींनी गाडी उघड्यावर घेतली, बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि बिडीवाल्यांना लांब पिटाळले.

दुकानदार अख्खा संच घ्या म्हणत होता. मिस्त्रींनी डबा आणि फ्लोट चांगला आहे हे दाखवून फक्त मोटर, जाळी आणि रबरी रिंग बदलली. रिंग मात्र नवीच हवी. जुनी पेट्रोलने फुगलेली असते, नीट बसत नाही, आणि गाडीत वास येत राहतो. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी केलेले नाही. हे इथेनॉल उसापासूनही होते. तोच ऊस तोडायला आमच्या तालुक्यातली घरेच्या घरे कोयता घेऊन जातात आणि माझ्या वर्गातले बाक रिकामे होतात. पण तो विषय वेगळा.

ऑपरेशन त्याच दिवशी झाले, अलहम्दुलिल्लाह. आठवड्याने दाखवायला निघालो, तेव्हा अम्मी काळा चष्मा लावून पुढे बसल्या. किल्ली फिरवली, घूं ऐकू आली. त्यांनी वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "अब मेरेकू काटा दिखता, बेटा. पहले पेट्रोल डाल."