वाळूखालचं सिंगापूर

शिकागोहून गाडीने अडीच तासांवर, मिशिगन राज्यात, सॉगटक नावाचं छोटंसं गाव आहे. गेल्या उन्हाळी सुटीत धाकट्या भावाकडे गेलो होतो, तेव्हा अम्मी, मुलं आणि आम्ही दोघं दोन दिवसांसाठी तिथे जाऊन आलो. अम्मीचं म्हणणं, "समुद्र बघायला इतक्या लांब कशाला? तो आपल्या परसदारी आहे." पण हा समुद्र नव्हे, तलाव. लेक मिशिगन. पैलतीर दिसत नाही, लाटा येतात, वाळू पसरलेली, आणि पाणी गोडं! अम्मीने ओंजळभर तोंडात घेऊन खात्री केली. भरती-ओहोटीही जाणवत नाही. दापोलीकडच्या मुलांना हे पटेना. धाकटा कितीतरी वेळ ओहोटीची वाट पाहत बसला.

पहिल्या दिवशी किनाऱ्यावर लाल बावटा होता. तलावच तर आहे, असं समजून उतरणारी माणसं तिथे दरवर्षी बुडतात. मुलं हिरमुसली, तरी पाण्यात सोडली नाहीत. आमच्या हर्णे-मुरूडला आलेले पाहुणे अशा वेळी कुणाचं ऐकत नाहीत, ते डोळ्यांपुढे होतं. दुसऱ्या दिवशी हिरवा लागला, पण जूनचं पाणी इतकं गार की दहा मिनिटांत सगळे कुडकुडत बाहेर.

खाण्याची चिंता भावजयीने आधीच मिटवली होती. डेव्हन अव्हेन्यूवरच्या हलाल मटणाचा खिमा आणि चपात्या, दोन दिवस पुरून उरल्या.

गाव मोठं तऱ्हेवाईक. कॅलामाझू नदी ओलांडायला साखळीची तर आहे. माणूस हाताने दांडा फिरवतो आणि नदीच्या तळातल्या साखळीवर ती पुढे सरकते. १९१० पासून इथे चित्रकलेची शाळा आहे, त्याचा गावाला चांगलाच रंग लागलाय. सार्वजनिक शौचालयाच्या भिंतीवर जॉर्ज सराचं नदीकाठच्या रविवारचं चित्र रंगवलेलं! मूळ चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. (आपल्याकडे शाळेच्या भिंतीवर पाढे रंगवायचे तरी तीन सभा लागतात.) घड्याळ शिकागोच्या एक तास पुढे, म्हणून सूर्य बुडतो रात्री सव्वानऊला. मगरीब वाळूवरच अदा केली.

अम्मीच्या मनात घर केलं ते मात्र एका पाटीने. नदीच्या मुखाशी वाळूखाली सिंगापूर नावाचं गाव गाडलं गेलंय. १८३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या जमीन-व्यापाऱ्यांनी ते वसवलं. शिकागोशी बरोबरी करायची उमेद होती. लाकूड चिरायच्या तीन गिरण्या, दोन हॉटेलं, स्वतःच्या नोटा काढणारी बँक. ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागो जळालं. मिशिगनमधलं हॉलंडही त्याच वेळी आगीत गेलं. ती पुन्हा बांधायला लाकूड हवं होतं, गिरण्या जोरात चालल्या. आसपासचं जंगल संपलं तेव्हा गिरण्याही बंद पडल्या, आणि १८७५ पर्यंत माणसं उठून गेली. काही घरं उचलून सॉगटकला आणली. राहिलेल्या गावावर, वारा अडवायला झाडच उरलं नसल्याने, वाळू चढत गेली.

भावाने हे सगळं उलगडून सांगितलं. अम्मी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आणि त्यांचं कबरस्तान?"

पाटीवर त्याबद्दल काही नव्हतं.

त्यांनी हे का विचारलं ते आम्हाला ठाऊक होतं. आमच्या वाडीच्या कबरस्तानाची समुद्राकडची कड दर पावसाळ्यात थोडी ढासळते. तिथली सुरूची रांग सरपणासाठी आणि वादळांत विरळ झालीय. अब्बांची कबर त्या कडेपासून चौथ्या ओळीत आहे.

सॉगटकच्या टेकड्यांवर वाळू धरून ठेवणारं गवत आहे, त्यावर पाय देऊ नका अशा पाट्या आहेत. अम्मींनी परतीच्या वाटेवर मुलांकडून त्याचे फोटो काढून घेतले.

घरी आल्यावर त्यांनी तेच फोटो जमातीच्या बैठकीत पाठवले. सुरूची साठ रोपं लावायचं ठरलं. खड्डे खणून झालेत. बकऱ्यांपासून रोपं वाचवायला कुंपण लागेल, त्याचा खर्च कुणी करायचा यावर मात्र अजून एकमत व्हायचंय. पुढची बैठक जुम्म्याला आहे.