दहा रुपयांचा गुन्हा

मागच्या शनिवारी रात्री साडेबाराला रूममेटचा फोन. "अरे, पोलिसांनी पकडलंय. कोर्टात गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, विषय संपला म्हणतायत." पार्टीनंतर साहेबांनी भर रस्त्यात आरडाओरडा केला होता!

आता गंमत बघा. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी लोकांना त्रास दिला तर जुन्या दंड संहितेच्या कलम ५१० मध्ये चोवीस तास कैद नाहीतर दहा रुपये दंड होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५५ आलं. कैद तेवढीच, दंड मात्र हजारापर्यंत, किंवा समाजसेवा. शिवाय महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहेच. त्यातला पिण्याचा परवाना आपल्यापैकी किती जणांकडे आहे? असो.

पण 'विषय संपला' हे काही मला पटत नाही. कोर्टात गुन्हा कबूल केला की दंड कितीही असो, तुम्ही दोषी ठरता. म्हणून आधी वकिलाला विचारा. कलम ३५५ ला नुसतं पिणं पुरत नाही, कुणाला तरी त्रास व्हावा लागतो. आणि तोंडाचा वास, झोकांड्या एवढ्यावरून दारू प्यायल्याचं सिद्ध होत नाही, रक्त-लघवीची तपासणी हवी, असं सुप्रीम कोर्टाने १९७१ च्या एका दारूबंदी खटल्यात म्हटलंय.

बाकी आमचा मित्र खरंच ओरडत होता. वरच्या मजल्यावरचे आजोबा उठून खिडकीत आले होते. खोटा बचाव करण्यापेक्षा त्याला समाजसेवा मिळाली तर मला बरंच वाटेल. फक्त जे कबूल करायचं ते समजून उमजून करावं, घरी जायच्या घाईत नाही.