पहिल्या पाळीची सकाळ

दिवसभराच्या श्रमांनी अंग आंबून गेलेल्या माणसाने रात्री थोडी घेतली तर त्याला निदान स्वस्थ झोप तरी लागते, या समजुतीला आपल्या समाजात एवढी मान्यता आहे की, मद्यपानाचा कडक निषेध करणारी माणसेही या एका मुद्द्यावर नरम पडतात, आणि घरची गृहिणीसुद्धा ‘निजले एकदाचे’ असे म्हणून दिवा मालविते. मला आज या समजुतीविषयीच लिहावयाचे आहे. कारण मद्याच्या हानीचा सर्वांत दुर्लक्षित भाग दुसऱ्या दिवशी स्नान करून वेळेवर कामावर रुजू होणाऱ्या सभ्य माणसाच्या हातांत दडलेला असतो, असे माझे ठाम मत आहे.

मद्याने झोप लवकर लागते आणि पूर्वरात्री ती गाढही असते, हे खरे. परंतु निरोगी निद्रेत गाढ झोप आणि, शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी 1953 साली वर्णिलेली, पापण्यांखाली डोळे भराभर हलत असतानाची स्वप्ननिद्रा यांची आवर्तने सुमारे दीड-दीड तासांनी चालतात. मद्य यांपैकी स्वप्ननिद्रेला पूर्वरात्री दडपून टाकते, आणि रक्तातील मद्य ओसरू लागले की बळाने मंद केलेला मेंदू उत्तररात्री खवळून उठतो. त्यानंतर जे घडते ते अशा माणसाच्या शेजारी जागलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे: घशाचे स्नायू सैल पडल्याने घोरणे वाढत जाते आणि मध्येच श्वास अडतो, तो दचकून उठतो तेव्हा बनियन घामाने चिंब झालेले असते, छाती धडधडत असते, मूत्राला आवर घालणारे संप्रेरक मद्याने रोखल्यामुळे पुन्हापुन्हा मोरीकडे जावे लागते, तांब्याभर पाणी पिऊनही जिभेची कोरड जात नाही, आणि उजाडेपर्यंत तो नुसता कूस बदलीत पडून राहतो.

आता हिशेब पाहा. 180 मिलिलिटरच्या एका क्वार्टर व्हिस्कीत सुमारे 60 ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, आणि सामान्य माणसाचे यकृत तासाला ढोबळ मानाने 7 ते 10 ग्रॅमच निकालात काढते. कडक चहा, लिंबूपाणी, ताक किंवा गार पाण्याची अंघोळ, यांपैकी कशानेही त्याच्या गतीत फरक पडत नाही. म्हणजे रात्री नवाला बसून अकरापर्यंत दोन क्वार्टर संपविणारा माणूस जेव्हा सकाळी सहाच्या पाळीला हजेरी लावतो, तेव्हा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम ही वाहनचालकासाठी कायद्याने घातलेली मर्यादा ओलांडण्याइतके मद्य बहुधा त्याच्या रक्तात शिल्लक असते, आणि आपण शुद्धीवर आहोत अशी त्याची प्रामाणिक खात्री असते.

मद्य पुरते उतरल्यावरही प्रकरण मिटत नाही. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, मद्यपानानंतर 14 तासांनी कृत्रिम विमानकक्षात बसविलेल्या नौदलाच्या वैमानिकांची कामगिरी खालावलेली आढळली. आपल्याकडेही उड्डाणापूर्वी 12 तास मद्य वर्ज्य करण्याचे बंधन वैमानिकावर आहे. ते इतरांनी स्वतःच स्वतःवर घालून घ्यावयाचे असते, आणि तेथेच आपण कमी पडतो. खतावणीवर बसलेला कारकून एकच बेरीज तीनदा करतो आणि हातचा धरावयास तिन्ही वेळा विसरतो. त्याची चूक खोडता येते. प्रेसमशीनमध्ये पत्रा सरकविणाऱ्या कामगाराचा हात निमिषभर उशिरा मागे आला, तर तुटलेले बोट पुन्हा होते तसे होत नाही. गावात मुक्कामाला राहिलेली गाडी पहाटे हाकणाऱ्या चालकाच्या पाठीशी तर चाळीस-पन्नास जिवांचा भरवसा असतो.

याहून दुःखाची गोष्ट अशी की, झोप आणण्याचा मद्याचा गुण थोड्याच रात्रींत क्षीण होतो, म्हणून मात्रा वाढते. आणि सोडू पाहणाऱ्याला काही आठवडे झोप लागत नाही, म्हणून तो पुन्हा बाटलीकडे वळतो. त्याला मनाचा दुबळा ठरविण्यापूर्वी या शारीरिक यातनेची दखल घेतली पाहिजे. रोज अतिरिक्त पिणाऱ्याने एकाएकी बंद करणे जिवावरही बेतू शकते. त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला हवा, आणि पुण्यात 1986 पासून काम करणाऱ्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांचा आधारही घेता येतो.

घरच्या मंडळींना माझी एक कळकळीची विनंती आहे. ‘काल किती प्यालात?’ या प्रश्नाला बहुतेक वेळा खोटे उत्तर मिळते आणि संभाषणाचे दार बंद होते. त्याऐवजी ‘रात्री झोप कशी झाली?’ असे विचारावे. झोप मोडल्याचे सांगावयास कोणाला लाज वाटत नाही, आणि ज्याने आपली झोप मोडते हे एकदा कबूल केले, त्याला ती कशाने मोडते हे डॉक्टरांपुढे बोलणे पुष्कळच सोपे जाते.